चौदा हात

२ एप्रिल, बुधवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानात फुकट मिळालेली. प्रत्येक पानाखाली कापूस कधी लावायचा, सोयाबीनवर काय फवारायचं, ते छापलंय. वंदनाने ती माझ्यापुढे टाकली. "बोलता येत नसेल तर लिहा. पण हात चालवू नका."

सरळ लिहितो. संभाजीनगरच्या टेनिस अकॅडमीतली कोचची नोकरी सुटली. सुटली म्हणजे मला काढलं. मागच्या सोमवारी एका पंधरा वर्षांच्या पोरीने सलग चौथी सर्व्हिस नेटमध्ये घातली आणि मी माझी रॅकेट नेटच्या खांबावर हाणली. तिला मारायचं नव्हतं. रॅकेट मुठीपाशी तुटली आणि तुकडा उडून तिच्या भुवईत घुसला. पाच टाके पडले, डोळा वाचला. सिमेंटवर रक्ताचे थेंब पडले होते, सर्व्हिस लाइनच्या आत. मी ते बघत उभा होतो. बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती.

म्हणून मी, वंदना आणि आमची पोरगी छकुली, असे तिघं गावी आलो. अंबड तालुक्यातलं हे माझं गाव. घरी आबा आणि माय आहेत. विहिरीशेजारी माझं जुनं कोर्ट अजून आहे. छकुली तेरा वर्षांची. आठ जूनला जालन्यात चौदा वर्षांखालच्या मुलींची निवड चाचणी आहे, तोवर मी तिला इथेच तयार करणार.

वंदनाने अट घातली आहे. "शिकवा. तुमच्याइतकं इकडं कोणाला येत नाही, ते मला मान्य आहे. पण तिच्यावर एकदा जरी हात टाकलात तर मी तिला घेऊन परतूरला जाईन. मग न्यायला येऊ नका." परतूर तिचं माहेर. वंदना दोनदा बोलत नाही.

मी हो म्हणालो. दोन महिने हात आवरायचा, यात अवघड काय आहे?

५ एप्रिल, शनिवार

कोर्ट झाडलं. गाजर गवत उपटलं, मुरूम टाकला, रोलर फिरवला. रेघा चुन्याच्या नाहीत. विटा उभ्या पुरून त्यांच्या डोक्यांना चुना लावलेला आहे. चौतीस वर्षांत एक वीट हललेली नाही.

आबा दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. शहात्तर वर्षांचे आहेत, आवाज मात्र तोच. ते जालन्यात साहेब लोकांच्या क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे रोलर ओढायचा, कोर्टावर पाणी मारायचं, आणि साहेबांना जोडीदार मिळाला नाही तर त्यांच्यासमोर उभं राहून चेंडू मारायचा. कोर्ट कसं आखलं ते छकुलीला सांगत होते.

"मार्करला टेप कोण देतंय? साहेब लोकं दुपारी जेवाया गेले की पालथं पडायचं, अन् कोपरापासून बोटापर्यंत हातानं मोजत जायचं. नेटपासून सर्व्हिसच्या रेघेपर्यंत चौदा हात. माझा हात दीड फूट, बराबर. हिशेब कर."

"एकवीस फूट," छकुली म्हणाली.

"बघ! पुस्तकात बी एकवीसच हाय. चौथी शिकलेल्या माणसाचं माप हाय हे."

माय जवळच ज्वारी निवडत होती. सूप तसंच ठेवून उठली. "त्या विटा काढून टाक रे अंगद. चुन्याच्या रेघा मार. पोरीच्या पायाला लागतील."

"गप बस," आबा म्हणाले. माय आत गेली.

विटा काही काढल्या नाहीत. याच विटांवर मी घडलो.

९ एप्रिल, बुधवार

शंभर सर्व्हिस मोजल्या. अठ्ठावन्न आऊट. नेटमध्ये फक्त चार. बाकी सगळ्या लांब, सर्व्हिसच्या रेघेपलीकडे, वीतभर किंवा हातभर. संभाजीनगरला हीच पोरगी शंभरात सत्तर आत टाकत होती. आठवड्यात एवढं कसं बिघडलं? खांदा बघितला, चेंडूची फेक बघितली. सगळं जिथल्या तिथे आहे.

प्रत्येक चेंडूला आबा खुर्चीवरून तर्जनी वर करून ओरडतात, "आऊट!" दोन शेतं पलीकडे ऐकू जातं.

छकुली म्हणाली, "पप्पा, हे कोर्ट लहान आहे."

मला हसू आलं. पुण्याहून दिवाळीला यायचो तेव्हा मलाही असंच वाटायचं. घरी आलं की सगळंच लहान वाटतं. शाळेची बाकं लहान वाटतात, मारुतीचं देऊळ लहान वाटतं. तिला म्हटलं, कोर्ट लहान नाही झालं, तुझं लक्ष कमी झालंय. बहाणे करणाऱ्या खेळाडूचं पुढे काही होत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज तिने माझ्या पोटऱ्यांबद्दल विचारलं. डाव्या पोटरीवर केस का नाहीत?

मी नऊ वर्षांचा असताना आबांनी नियम केला. एक आऊट, एक फोक. लिंबाची ओली फोक, पानं ओरबाडून काढलेली. मारताना ते रागावलेले नसायचे, ते मला आजही आठवतं. ज्वारी मोजावी तसे मोजायचे. "सात आऊट. ये." मी पाठमोरा उभा राहायचो. हललो तर एक जास्त. एकदा बेचाळीस झाल्या आणि मी पाचोळ्यात पडलो. मायने हळद लावली. ती माझ्याकडे बघत नव्हती. बहुतेक आबांची भीती असेल.

वर्षभरात माझी सर्व्हिस लांब जायची बंद झाली, कायमची. चौदाव्या वर्षी पुण्याला गेलो. तिथले कोच रोज ओरडायचे, "अंगद, सर्व्हिस बॉक्सची शेवटची, रेघेअलीकडची दोन फूट जागा तू कुणासाठी राखून ठेवतोस? खोल मार!" मला जमायचं नाही. हात वर गेला की पोटरी आखडायची. तरीही जगात सहाशे एक्केचाळिसावा आलो. मराठवाड्यातून तोवर कोणी तिथे गेलं नव्हतं, निदान माझ्या ऐकण्यात नाही. माझी सर्व्हिस आखूड आहे हे मात्र सगळ्यांना माहीत झालं. समोरचा दोन पावलं पुढे येऊन उभा राहायचा आणि चेंडू माझ्या पायात मारायचा.

त्या फोकेने माझं वाईट केलं असं मी म्हणणार नाही. फोक नसती तर मी आज एमआयडीसीत सळया उचलत असतो.

छकुलीला एवढंच सांगितलं, की लहानपणी काटे लागले होते.

२२ एप्रिल, मंगळवार

जुन्या जालन्यात चुना आणि नेटची दोरी आणायला गेलो. धान्याच्या दुकानांच्या बोळात एका मोटारसायकलवाल्याने माझ्या गुडघ्याला हँडल मारलं आणि वर म्हणाला, "अंकल, बाजूला सरकायला काय घेणार?"

त्याची कॉलर धरली तेवढं आठवतं. नंतरचं नीट आठवत नाही. दुकानदाराने मागून कंबर धरून मला ओढलं तेव्हा तो पोत्यांवर पडलेला होता, आणि त्याचं नाक एका बाजूला वळलं होतं. हमाल म्हणत होते, "साहेब, बस करा, मरंल तो." मी चुन्याची पिशवी उचलली आणि निघालो. दोरी राहिली.

बोटांच्या सांध्यांवरची कातडी गेली आहे. वंदनाला सांगितलं, रोलरखाली हात आला.

ती म्हणाली, "रोलरला दात आहेत का?"

छकुलीवर मात्र अजून हात टाकलेला नाही. एकवीस दिवस झाले.

३ मे, शनिवार

चौसष्ट आऊट. सगळ्या लांबच.

आबा म्हणाले, "ही बी तुझ्यासारखीच ऐन वक्ताला बाहेर टाकणार. तुझं नाव बी शेवटाला आऊटपायीच गेलं ना रे?"

हो, त्यापायीच गेलं. २००९ साल, एका स्पर्धेतली मॅच. जिंकलो असतो तर पहिल्या सहाशेत आलो असतो. तिसऱ्या सेटमध्ये कोच कोपऱ्यातून ओरडले, "एकदा तरी खोल मार!" आणि मी मारली. आयुष्यात पहिल्यांदा पोटरी आखडली नाही, चेंडू अगदी रेघेपर्यंत गेला. रेघेवर राजानंद नावाचा एक कॉलेजचा मुलगा बसला होता, लाइनमन म्हणून. तो ओरडला, "आऊट!" आणि त्याने तर्जनी वर केली.

मी त्याच्याकडे चालत गेलो. धावलो नाही. रॅकेटची कड त्याच्या तोंडावर मारली, एकदा, मग परत एकदा. वरचे तीन दात आणि गालाचं हाड. माझ्यावर तीन वर्षांची बंदी आली, आणि तिथेच सगळं संपलं.

चेंडू आत होता. माझी सर्व्हिस लांब जाऊच शकत नाही. कोणालाही विचारा.

११ मे, रविवार

झालं.

सकाळी सहाला सुरुवात केली. ओळीने अकरा आऊट. मी शांत होतो. बाराव्याला आबांनी नुसतं बोट वर केलं, ओरडलेही नाहीत, हसले. छकुलीने रॅकेट खाली ठेवली. म्हणाली, "पप्पा, माझी सर्व्हिस बरोबर आहे. कोर्ट चुकलंय."

मी तिच्या तोंडात मारली. उलट्या हाताची. ती विटांवर पडली, कोपर फुटलं. रडली नाही. उठली, चेंडू उचलला आणि रेघेवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तेरा."

वंदना शिवलेली ब्लाउजं द्यायला गावात गेली होती.

आबा म्हणाले, "आता बघ कशी पडतीय."

तेरावी आत पडली.

१२ मे, सोमवार

छकुलीने आईला काही सांगितलं नाही. कोपर पंपाच्या पाइपला लागलं म्हणाली. रोलर, पाइप. आमच्या घरात लोखंडच लोकांना मारत सुटलंय.

मला तिचं कौतुक वाटलं. मीही कधी चुगली केली नव्हती. दिवसभर ती माझ्याशी नीट बोलली, पाणी आणून दिलं. माय मात्र माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि पाठ फिरवते. तिला कोणी सांगितलं असेल?

१९ मे, सोमवार

एक्काहत्तर आत! आठ दिवसांत.

जोर कमी झालाय, चेंडू बॉक्सच्या मध्यावरच पडतो. पण शिस्त आली. जोर नंतर वाढवता येईल. ते एकदाचं झालं ते वाईट झालं, पण उपयोग झाला हे नाकारून कसं चालेल? ही डायरी खरं लिहायलाच आहे.

एक विचित्र गोष्ट. ती सर्व्हिस करताना, चेंडू हवेत असतानाच, डावा पाय थोडा वर घेते. ही सवय कुठून लागली कळत नाही. मोडायला हवी.

२५ मे, रविवार

चाचणीला चौदा दिवस उरले. असे मऊ चेंडू जालन्यात कोणीही फोडून काढेल. आज म्हटलं, जोरात मार, पूर्ण ताकदीने. तिने विचारलं, "आऊट गेली तर?" मी म्हणालो, जाऊ देऊ नको.

नऊ मारल्या. नऊच्या नऊ लांब. सुंदर सर्व्हिस होत्या, खरं सांगायचं तर. हातातून सुटताना आवाज कसा कडक. आणि प्रत्येक वेळी चेंडू विटांच्या पलीकडे.

आबांच्या मांडीवर फोक होती. केव्हा तोडून आणली कोण जाणे. पानं काढलेली होती. "घे. तुझं तरी कशानं झालं? यानंच ना?"

मी घेतली. हातात इतकी ओळखीची वाटली. तिला म्हटलं, "नऊ आऊट. ये."

ती पाठमोरी उभी राहिली. मी मोजून मारल्या. रागात नव्हतो, हे लिहून ठेवतो. पाचव्याला ती गुडघ्यावर आली, उठली. सातव्याला रक्त आलं. माय घरातून ओरडत आली, "नको रे! तिची न्हाई चूक, अंगद, नको रे!" आबा म्हणाले, "आत व्हय." माय दारातच थांबली आणि पदर तोंडात कोंबला.

नऊ झाल्यावर वळून बघितलं तर वंदना विहिरीपाशी उभी होती. हातात रिकामी पिशवी.

२६ मे, सोमवार

सकाळीच टेम्पोने गेल्या. वंदना ओरडली असती तर बरं झालं असतं. शिलाई मशीन चढवताना मशीनला हात लावायला गेलो.

"हात लावू नका," ती म्हणाली. "कशालाच."

"वंदना, चाचणी तोंडावर आली आहे. तिचं नुकसान..."

"चाचणीला मी नेईन. माझ्या भावाच्या गाडीवर. तुम्ही येऊ नका. तुम्ही दिसलात तर मी तिथं सगळ्यांदेखत तिची सलवार वर करून पाय दाखवीन."

छकुली टेम्पोत पुढे बसली होती. तिने मला हात केला. सवयीने केला असेल.

आता डायरी उघडली तर पुढच्या पानावर अक्षर माझं नाही. तसंच ठेवतो.

*पप्पा, मी तुमची डायरी वाचली. सॉरी. मम्मीच्या शिलाईच्या टेपने आज पहाटे मोजलं. नेटपासून सर्व्हिस लाइन १९ फूट ३ इंच आहे. पुस्तकात २१ आहे. दुसऱ्या बाजूला पण तेवढंच आहे. तीन वेळा मोजलं. म्हणजे २१ इंच कमी. माझ्या सगळ्या आऊट २१ इंचांच्या आतल्याच होत्या, मी खुणा बघत होते. मी बहाणे करत नव्हते. टेप खुंटीला ठेवलाय, तुम्हीपण मोजा. – छकुली*

२७ मे, मंगळवार

मी मोजलं. एकोणीस फूट तीन इंच.

मग टेप घेऊन कोर्टावर बसलो. किती वेळ ते माहीत नाही. ऊन डोक्यावर आलं. बेचाळीस त्या एका दिवसाच्या. रोजच्या पाच-सात धरल्या तर त्या वर्षभराच्या किती? आकडा आला, लिहीत नाही. पुण्याचे कोच आठवले. ती दोन फूट जागा.

उठलो आणि फोक शोधली. ती खुर्चीखालीच होती, सुकायला लागली होती. आबा बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"आबा, कोर्ट आखूड आहे."

"काय म्हणून राह्यला?"

"पावणेदोन फूट आखूड आहे. माझे चेंडू आत होते. सगळे आत होते."

"माझं माप चुकत न्हाई. माझा हात दीड फूट, बराबर."

मी त्यांच्या हातातला अडकित्ता हिसकावून फेकला. दंडाला धरून त्यांना बाजेवरून ओढलं. किती हलके झालेत ते. धोतर गुडघ्यापर्यंत सरकलं, पोटऱ्या काटक्यांसारख्या. पहिली मारली तेव्हा त्यांना कळलंच नाही काय झालं. दुसरी मारली. तिसऱ्याला हात वर केला तर त्यांनी डावा पाय वर घेतला.

छकुलीसारखा. अगदी तसाच, मार चुकवायला.

तरीही मी मारली. तिसरीही मारली. चौथीला माय मध्ये आली.

"त्यांना नको मारू. माप त्यांचं न्हाई, माझंय."

मला समजलं नाही. मायने पोलक्याची बाही वर सारली आणि उजवा हात कोपरातून सरळ माझ्यापुढे धरला. "हे क्लबात गेल्ते. साहेब लोकांचे सामने व्हते. जाताना म्हणले, चौदा हात मोजून विटा पुरून ठेव, मी यीस्तोवर. म्या मोजलं. माझ्या हातानं. मला काय ठावं, हाताहातात फरक असतोय? आल्यावर म्हणले, चौदा बराबर हायेत का? म्या म्हणलं, बराबर."

आबा जमिनीवर बसलेले, तिच्याकडे बघत होते.

"तुला पहिली फोक बसली त्या दिशीच मनात आलं, हात माझाय. आखूडय. सांगणार व्हते. पर तुला दोन-चार बसत्यात, मला मारलं की मी चार दिस उठत न्हाई. मंग भाकरी कोण करंल? आज सांगू, उद्या सांगू. तू पुण्याला गेलास, मंग म्हणलं सुटलं पोरगं."

"आणि छकुली?"

मायने हात खाली घेतला नाही. "मार," ती म्हणाली. "यालाच मार."

मी तो हात मोजला. दुसरं काय करायचं सुचेना, आणि टेप गळ्यात होता. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत साडेसोळा इंच. चौदाने गुणलं. एकोणीस फूट तीन इंच. केसभर चूक नाही. ज्या हाताने हळद लावली तोच.

फोक चुलीत घातली. ओली होती अजून आतून, नुसता धूर झाला.

१ जून, रविवार

तीन दिवस विटा काढतोय. टिकाव माझ्या हातात, माय टोपलं भरते. एकेक वीट चौतीस वर्षं जमिनीत, खालून ओली, मुंग्यांची अंडी चिकटलेली. माझ्या हाताला फोड आलेत, ते बरं वाटतं.

आबा कोर्टावर येत नाहीत. शिलाईचा टेप त्यांच्याकडे आहे. बाजेवर बसून स्वतःचा हात मोजतात. आज सकाळपासून चार वेळा मोजला. "अठरा," म्हणतात. "बघ की. अठराच भरतोय." मी म्हणतो, हो आबा, अठराच आहे. चालताना लंगडतात. दंडावर माझी चार बोटं काळीनिळी उठली आहेत.

माझा हातही मोजला. अठरा. बापाचा हात माझ्याकडे आलाय.

राजानंदचा विचार करतो आहे. ती सर्व्हिस मी चौदा वर्षं तुंबवून ठेवलेल्या ताकदीने मारली होती. ती कुठे पडली हे मी बघितलंच नव्हतं. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. त्याने बघितलं होतं, तो रेघेवरच बसला होता. चेंडू आऊट असेल. आऊट होता. हे सोळा वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. तीन दात आणि गालाचं हाड, बरोबर सांगितल्याबद्दल. छकुलीलाही त्याबद्दलच.

वंदनाला फोन केला. तिने उचलला. मी म्हणालो, "छकुलीला सांग, तिने बरोबर मोजलं." ती म्हणाली, "तिला माहीत आहे," आणि ठेवला.

८ जून, रविवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. साडेसहाच्या बसने गेलो.

मैदानाच्या मागच्या बाजूला, कंपाउंडच्या जाळीपाशी बाभळीआड उभा राहिलो. वंदना पलीकडे खुर्चीवर बसली होती, पाठमोरी. छकुलीची मॅच दुसऱ्या कोर्टावर होती. तिने गुडघ्याखालपर्यंत पायमोजे घातले होते. एवढ्या उकाड्यात.

पहिला गेम बघितला. सर्व्हिस बॉक्सच्या अगदी शेवटी पडत होती, रेघेपासून चार बोटं आत. समोरची पोरगी मागे मागे सरकत होती. एक चेंडू तर तिच्या रॅकेटपर्यंत पोहोचून वर उडाला आणि ती नुसती बघत राहिली. मी असा चेंडू आयुष्यात एकदा मारला.

दुसऱ्या गेमला बाजू बदलल्या. छकुली माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने मला बघितलं.

चेहऱ्यावर काही आलं नाही. समोरचीचा गेम झाला. मग तिची सर्व्हिस आली. तिने चेंडू फेकला, आणि चेंडू हवेत असतानाच डावा पाय वर घेतला. सर्व्हिस बॉक्सच्या मध्यावर पडली, मऊ. समोरचीने पुढे येऊन फोडली. दुसरी मध्यावर. तिसरी मध्यावर. मागची दोन फूट जागा मोकळी. ती कुणासाठी राखून ठेवली आहे हे त्या मैदानावर एकट्या मला कळत होतं.

मी बाभळीआडून निघालो. जाळीच्या कडेकडेने, ती बघत असताना, सगळ्यांना दिसेल असा चालत गेलो. गेटबाहेर भिंत आहे, तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. तिथून कोर्ट दिसत नाही.

बराच वेळ मऊ आवाज येत राहिले. मधे टाळ्या, त्या तिच्यासाठी नसाव्यात. मग एक आवाज आला, कडक. थांबलो. परत तसाच. लाइनमन काही ओरडला नाही. तिसरा. समोरून परत आवाज आला नाही, म्हणजे चेंडू परत गेलाच नाही.

गेटवरचा वॉचमन तंबाखू मळत माझ्याकडे बघत होता. "पोरगी खेळून राह्यली का तुमची?"

"हो."

"मंग आत जा की साहेब, सावली हाय. इथून काय दिसतंय?"

"इथून बरं," मी म्हणालो. "इथून ऐकू येतं."